साष्टीचा एक इंची नकाशा



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो आहे. इतिहास आणि भूगोल हे दोन्ही विषय ते एकाच तासाला शिकवीत. वेळापत्रकात तास निराळे असत, पण त्यांच्या बोलण्यात ते निराळे राहत नसत. भिंतीवरचा नकाशा नुसता पाहायचा नसतो, ग्रंथासारखा वाचायचा असतो, असा त्यांचा आग्रह असे. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो आणि जुन्या पोथ्यांच्या पाठभेदांत आयुष्य घालवले. नकाशे मागे पडले. आज सत्तरी ओलांडल्यावर सरांचा तो राहून गेलेला गृहपाठ सादर करावा, एवढ्याच हेतूने आपल्यापुढे उभा आहे.

माझा विषय आहे एक नकाशा. भारतीय सर्वेक्षण खात्याने काढलेला, एका मैलाला एक इंच या प्रमाणाचा, क्रमांक ४७ ए/१६. हा कागद माझ्याकडे वडिलांकडून आला. वडील बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या इंजिनिअरिंग कचेरीत ड्राफ्ट्समन होते. तरुणपणी काही वर्षे ते पार्ल्याला भाड्याच्या खोलीत राहत आणि रोज लोकलने चर्चगेटला जात. नंतर बदली होऊन ते बडोद्याला आले आणि आम्ही बडोदेकर झालो. कचेरीने रद्दीत काढलेल्या कागदांतून त्यांनी हा नकाशा मागून घेतला होता. १९७८ साली ते गेले, तेव्हा पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळलेला तो मला मिळाला. त्याची खालची कड कसरीने खाल्ली होती. पाहणीचे आणि छपाईचे साल जिथे छापलेले असते तोच भाग नेमका नाहीसा झाला होता.

बडोद्याच्या शाळेत मुंबईच्या उपनगरांचा नकाशा कशाला, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. ज्या कंपनीच्या नावात मुंबई आणि मध्य हिंदुस्थान यांच्या मधोमध आपल्या गावाचे नाव होते, तिच्याच रुळांची ही कथा आहे. या कंपनीची गाडी बडोद्याला १८६१ साली आली, मुंबईला १८६४ साली पोचली. म्हणजे आपल्या गावाने तिची शिटी मुंबईच्या तीन वर्षे आधी ऐकली. दुसरे कारण शेवटी सांगेन.

प्रथम या कागदाची व्याप्ती पाहू. सर्वेक्षण खात्याच्या पद्धतीत एक इंची नकाशाचा प्रत्येक कागद अक्षांशाची पंधरा आणि रेखांशाची पंधरा मिनिटे व्यापतो. ४७ ए/१६ हा कागद १९ अंश ते १९ अंश १५ मिनिटे उत्तर आणि ७२ अंश ४५ मिनिटे ते ७३ अंश पूर्व एवढा प्रदेश दाखवतो. दक्षिणेला दादर-माहीमची टोके, उत्तरेला दहिसर, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला ठाणे आणि खाडी. खात्याने चौकट आखली ती आकड्यांच्या हिशोबाने, पण साष्टी बेटाचा बहुतेक भाग त्या चौकटीत असा काही बसला आहे की जणू तिच्यासाठीच ती आखली असावी. प्रांताच्या आणि तालुक्यांच्या सीमा राज्यकर्त्यांबरोबर बदलतात. अक्षांश-रेखांशांची चौकट बदलत नाही, म्हणून जुना कागद आणि नवा कागद एकावर एक ठेवता येतो.

साष्टी हे नाव सासष्ट गावांवरून आले. गोव्यातील साष्टीचेही मूळ तेच. गोव्याहून आलेली जी कुटुंबे या सभागृहात आहेत त्यांना ते सांगायला नको. राजवाड्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीत या भागातील गावांचे उल्लेख येतात. मराठी माणसाला साष्टी आठवते ती चिमाजीअप्पांमुळे. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी पोर्तुगीजांकडून घेतली आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. पुढे डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. दुसऱ्या वर्षी रघुनाथरावांनी सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. १७८२ साली ग्वाल्हेरजवळच्या सालबाई गावी तह झाला आणि साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. शाळेत आपण हा तह पाठ केला तो गुणांसाठी. पण या कागदावरची प्रत्येक काळी-तांबडी रेघ त्या तहानंतरची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पाठांतराला अर्थ येतो.

आता साल. पोथीच्या अखेरीचे पान गहाळ असले तर आम्ही मजकुरातील उल्लेखांवरून तिचा काळ ठरवतो. तेच येथे केले. वांद्रे आणि सांताक्रूझ यांच्यामध्ये खार हे स्टेशन छापलेले आहे. खार स्टेशन १९२४ साली झाले, तेव्हा पाहणी त्यापूर्वीची नव्हे. दुसरा पुरावा अधिक नेमका आहे. अंधेरीपासून कुर्ल्यावरून ट्रॉम्बेकडे जाणारी एक आडवी रेल्वे या नकाशावर दिसते. आज मुंबईत जन्म काढलेल्या माणसालाही ही रेल्वे ठाऊक नसते. साष्टी-ट्रॉम्बे रेल्वे या नावाचा सुमारे १३ किलोमीटरचा हा मार्ग १९२८ साली सुरू झाला आणि १९३४ साली बंद पडला. सांताक्रूझचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धातला, तो या कागदावर नाही. तेव्हा पाहणी १९२८ ते १९३४ या सहा वर्षांतली, असे मी धरले. नकाशालाही दोन साले असतात, एक पाहणीचे आणि एक छपाईचे, आणि छपाई कितीही उशिरा होऊ शकते. म्हणून मी छपाईविषयी काही म्हणत नाही. पाहणी करणारा अधिकारी साष्टीत फिरला तो या सहा वर्षांत, एवढेच म्हणतो.

ही वर्षे अशी होती की साष्टी अजून गाव होती आणि उपनगर होऊ लागली होती. हा कागद त्या उंबरठ्यावरचा आहे. यापूर्वीच्या कागदात नुसती गावे दिसली असती, यानंतरच्यात नुसते शहर.

रंगांपासून आरंभ करू. या नकाशांत पाणी निळे, वस्ती आणि रस्ते तांबडे, लागवडीची जमीन पिवळी, झाडी हिरवी, उंचीच्या रेषा तपकिरी आणि रेल्वे काळी. मधोमध कान्हेरीच्या डोंगराच्या तपकिरी रेषा दाट झालेल्या आहेत. त्यांच्या कुशीत विहार, तुळशी आणि पवई हे तीन निळे तलाव आहेत. डोंगराच्या दोन्ही अंगांना पिवळी भातखाचरे, आणि भातखाचरांच्या पलीकडे, दोन्ही किनाऱ्यांना, निळ्या रेघांनी भरलेली खाजणे. खाजण म्हणजे भरतीला बुडणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी जमीन. गोमंतकातील श्रोते हा शब्द अजून वापरतात, मुंबईत तो हरवत चालला आहे. ठाण्याच्या खाडीकाठी भांडुप, कांजूर, मुलुंड येथे मिठागरांचे चौकोन आहेत.

या रंगांवर दोन काळ्या रेघा आहेत. दादरपाशी त्या जवळजवळ एकत्र आहेत. तेथून त्या दुभंगतात. एक डोंगराच्या पूर्वेने कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड करीत ठाण्याला जाते. ही जी. आय. पी., १६ एप्रिल १८५३ रोजी २१ मैल धावलेली हिंदुस्थानातील पहिली उतारू गाडी हिच्यावरची. दुसरी पश्चिमेने वांद्रे, अंधेरी, गोरेगाव, बोरिवली करीत उत्तरेला जाते. ही आपली बी. बी. अँड सी. आय. या मार्गावर १२ एप्रिल १८६७ पासून विरारहून मुंबईला जाणारी उपनगरी गाडी सुरू झाली, दिवसाला एक. तेव्हाच्या स्टेशनांत गोरेगाव नाही, पहाडी आहे. माझ्या नकाशावर पहाडी हे नाव गावाला आहे, स्टेशन मात्र गोरेगावचे. साठ वर्षांत स्टेशनाने नाव बदलले आणि गाव तसेच राहिले, एवढी गोष्ट दोन शब्दांच्या अंतरात लिहिलेली आहे.

गावे आणि स्टेशने यांचा संबंध नीट पाहावा. मरोळ, कोंडिवटे, चकाला, सहार, मजास, ओशिवरे, तुंगवे, पासपोली, किरोळ, नाहूर, एकसर, पोईसर ही जुनी गावे रुळांना चिकटलेली नाहीत. ती भातखाचरांच्या कडेला, पायाखाली थोडी उंची असलेल्या जागी बसली आहेत. शेताला पाणी हवे आणि घराला नको, एवढे शहाणपण त्या जागांत आहे. कोळीवाडे समुद्राकडे आहेत, खार-दांडा, जुहू, वेसावे, मढ, मालवणी. त्यांच्या पाठीमागे नारळी-ताडीच्या वाड्या. ठिकठिकाणी देवळाची खूण आहे आणि ठिकठिकाणी चर्चची. पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेले हे शेतकरी आणि कोळी आमच्यासारखेच मराठीच्या बोली बोलत. १८८७ साली, राणीच्या राज्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा, त्यांनी स्वतःला ईस्ट इंडियन असे नाव घेतले. कारणे चाकरीची होती. पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसाने पूर्वेचे नाव घ्यावे, हे वाचून विद्यार्थी हसतात. पण गावावर बाहेरचा माणूस येऊ लागला की आपण कोण हे सांगण्याची गरज पडते, आणि ती गरज साष्टीत रेल्वेने निर्माण केली.

रेल्वे आल्यावरही साष्टी लगेच उपनगर झाली नाही. त्याआधी शहराने तिचे पाणी नेले. विहारचा तलाव १८६० चा, तुळशीचा १८७९ चा. १८९२ साली तानसाचे पाणी नळाने आले ते साष्टी ओलांडून. शहराचा कचराही साष्टीकडे आला. विसाव्या शतकाच्या आरंभी कुर्ल्याहून चेंबूरकडे रूळ घातले गेले ते कचऱ्याच्या गाड्यांसाठी, उतारूंची वाहतूक तेथे १९२४ साली सुरू झाली. म्हणजे एखाद्या प्रदेशाचे उपनगर होते ते एका दिवसात नव्हे. शहर आधी त्याच्याकडून पाणी घेते, मग त्याला कचरा देते आणि शेवटी माणसे पाठवते.

माणसे पाठवण्याची निकड प्लेगने आणली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९८ साली शहरसुधारणा ट्रस्ट स्थापन झाला, दाटीच्या वस्त्या फोडण्याचे आणि उत्तरेला मोकळी जागा देण्याचे काम सुरू झाले. वांद्र्यात १९१८ साली साष्टी कॅथॉलिक सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. १९२० साली सरकारचे विकास खाते आले आणि त्याच वर्षी ठाणे जिल्ह्यातून दक्षिण साष्टी वेगळी काढून मुंबई उपनगर जिल्हा केला गेला. उपनगर हा शब्द सरकारी दप्तरात जिल्ह्याचे नाव म्हणून बसला तो तेव्हा. मग विजेची गाडी आली, १९२५ साली जी. आय. पी.च्या हार्बर मार्गावर कुर्ल्यापर्यंत आणि १९२८ साली आपल्या मार्गावर बोरिवलीपर्यंत. कोळशाच्या गाडीने कचेरीला जाणारा माणूस आणि विजेच्या गाडीने जाणारा माणूस यांत फरक पडला. वेळ नेमकी झाली. घड्याळ पाहून घर घ्यावे, ही कल्पना येथून पुढची.

नकाशावर ही माणसे तांबड्या रंगाने दिसतात. जुन्या गावाची तांबडी खूण वेडीवाकडी असते. नवी वसाहत काटकोनात असते. खारला रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत. सांताक्रूझला, पार्ल्याला रुळांच्या दोन्ही बाजूंना चौकोन पडू लागले आहेत. या पार्ल्यात १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय निघाले आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची छावणीही येथे पडली. मराठी मध्यमवर्गाने कुंपण, अंगण, तुळस आणि वाचनालय यांसह जे एक जग उभे केले, ते या कागदावर बोटाच्या पेराएवढे आहे. माझे वडील त्यातल्या एका खोलीत राहत होते.

अंधेरीच्या पुढे मात्र अजून पिवळा रंग पसरलेला आहे. मालाड, कांदिवली, बोरिवली ही स्टेशने शेतांत उभी आहेत. आणि आडवी रेल्वे? ती त्या काळच्या आशेची रेघ आहे. दोन उभ्या मार्गांमधली जमीन वसवायची, म्हणून ती घातली गेली. पण वस्ती यायच्या आधी गाडी आली, आणि सहा वर्षांत गाडी गेली. पुढे वस्ती आली तेव्हा आडवा मार्ग उरला नव्हता. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्या कित्येक पिढ्यांनी बसमध्ये उभे राहून त्याचे मोल दिले. इतिहासात चूक ही पुष्कळदा चुकीच्या विचाराची नसते, चुकीच्या वेळेची असते.

मुंबई महापालिकेची हद्द १९५० साली साष्टीत शिरली आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. पिवळा रंग संपला. हे आपणा सर्वांना ठाऊक आहे आणि त्याविषयी हळहळण्याचा मला अधिकार नाही, कारण त्या घरांत आपलेच आप्त राहायला गेले. मला बोलायचे आहे ते निळ्या रंगाविषयी.

विहार तलावाच्या सांडव्याखालून एक निळी रेघ निघते. पवईच्या पाण्याला घेऊन ती मरोळ, सहार, कुर्ला, कोळे-कल्याण यांच्या जवळून वळणे घेत माहीमच्या खाडीला मिळते. हीच मिठी नदी, लांबी सुमारे १८ किलोमीटर. नकाशावर तिच्या खालच्या अंगाला, कुर्ला आणि वांद्रे यांच्यामध्ये, मोठा निळा पट्टा आहे. खाजणाच्या खुणा, खाडीचे फाटे, मध्ये एखादी पायवाट. भरतीचे पाणी तेथे पसरायचे आणि पावसाचे पाणी तेथे थांबायचे. या पट्ट्याभोवती माणसाने एकेक बांध घातला. शीवचा बांधरस्ता एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा. माहीमचा १८४५ चा, जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांच्या १ लाख ५७ हजार रुपयांच्या देणगीतून झालेला. त्यानंतर दोन्ही रेल्वेंचे भराव. हे सारे उपयोगाचेच होते, होडीत बुडून माणसे मरत म्हणून तो माहीमचा बांध झाला. पुढे विमानतळाची धावपट्टी नदीवरून गेली. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खाजणात भराव पडला. कागदावरचा निळा पट्टा अरुंद होत होत नाल्याएवढा झाला.

आता घरची एक गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही याचा मी बराच विचार केला. माझी धाकटी बहीण लग्न होऊन मुंबईस गेली. १९८३ साली तिने आणि माझ्या मेहुण्यांनी कुर्ला आणि कालिना यांच्या दरम्यान घर घ्यायचे ठरवले. तळमजला होता म्हणून परवडत होता. तिने मला पत्र लिहिले, दादा, तुम्ही येऊन जागा पाहून जा. मी गेलो. स्टेशन किती मिनिटांवर, मराठी माध्यमाची शाळा जवळ आहे का, नळाला पाणी किती वेळ येते, एवढे सर्व विचारले. नळाचे पाणी विचारले, नदीचे विचारले नाही. घर घ्यावे असे मत दिले आणि बडोद्याला परत आलो. तो नकाशा तेव्हा पाच वर्षे माझ्या कपाटात होता.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्यात त्याच अवधीत सुमारे ७३ मिलिमीटर पडला. एकाच शहराची दोन टोके. मिठी भरतीच्या पाण्याला भिडली आणि पाणी आपल्या जुन्या जागी गेले. बहिणीच्या घरात ते संध्याकाळी शिरले. त्या दोघांनी वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे रात्र काढली. मेहुणे दुसऱ्या दिवशी कंबरभर पाण्यातून औषधे आणायला बाहेर पडले. ऑगस्टमध्ये त्यांना ताप आला, त्या महिन्यात अनेकांना आला तोच, लेप्टोस्पायरोसिसचा. दहा दिवसांत ते गेले.

तेरावा आटोपून मी परत आलो आणि पहिल्यांदा ते नळकांडे उघडले. नकाशा टेबलावर पसरला. इमारतीची जागा शोधायला वेळ लागला नाही, रुळांवरून आणि नदीच्या वळणावरून ती सापडते. तेथे निळ्या रेघा होत्या. खाजण.

हे सांगून मी कोणाला दोषी ठरवू इच्छित नाही. इमारत बांधणाऱ्याकडे कागदपत्रे होती, त्यांवर शिक्के होते. त्या इमारतीत राहणाऱ्या कोणालाच आपल्या पायाखाली काय आहे हे माहीत नव्हते. मला मात्र माहीत असू शकत होते. माझ्याजवळ कागद होता, तो वाचण्याची विद्या मला याच इमारतीत शिकवली गेली होती, आणि शब्दांचा व्यवसाय करणारा मी असूनही खार या शब्दाचा अर्थ मी स्टेशनाच्या पाटीपलीकडे कधी नेला नाही. खार म्हणजे खारी जमीन. जुन्या लोकांनी जागेला नाव देताना तिचा स्वभाव सांगून ठेवला होता. आपण नाव ठेवले आणि अर्थ टाकला.

यावरून मला जे समजले ते थोडक्यात मांडतो. आपण जुन्या नकाशाकडे हरवलेल्या गोष्टींची यादी म्हणून पाहतो. हे गाव गेले, ते तळे गेले, ती रेल्वे गेली. पण तांबडा, पिवळा आणि काळा हे माणसाने दिलेले रंग आहेत, ते खरोखरच जातात. निळा आणि तपकिरी हे जमिनीचे आहेत. ते झाकले जातात, जात नाहीत. म्हणून जुना नकाशा हा एका बाजूने इतिहास आहे आणि दुसऱ्या बाजूने आजचे वर्तमान. कोणता भाग कोणता, हे ओळखणे म्हणजेच नकाशा वाचणे. सरांना तेच म्हणायचे असावे.

आणि आता ते दुसरे कारण. आपल्या गावाचा एक इंची कागद ४६ एफ/३ हा आहे. त्यावर रेल्वे आहे, आणि विश्वामित्री आहे. पात्राच्या दोन्ही बाजूंच्या घळी आणि कोतरे आहेत. गावाभोवतीची तळी आहेत. २०१९ च्या जुलैअखेरीस आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री कोठे कोठे शिरली हे या सभागृहातील पुष्कळांनी आपल्या जिन्याच्या पायऱ्यांवर मोजले आहे. त्या दिवशी मगरी रस्त्यावर आल्या असे वर्तमानपत्रांनी छापले. मगरी बहुधा आपल्या जागेवरच होत्या, रस्ता त्यांच्या जागेवर गेला होता.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी बांधकामाच्या व्यवसायात आहेत, कोणी बँकेत घरांची कर्जे मंजूर करतात, कोणी महानगरपालिकेत आहेत. बाकीचे आम्ही सर्व घरे घेणारे आहोत. माझी विनंती मोठी नाही. या शाळेच्या दालनात गावाचा जितका जुना नकाशा मिळेल तितका लावावा आणि शेजारी आजचा लावावा. आठवीच्या मुलांनी आपापले घर दोन्हींवर शोधावे. जुन्या कागदावर बोट कोणत्या रंगावर पडते, एवढेच वहीत लिहावे. त्यासाठी तास लागत नाही, परीक्षा लागत नाही.

बहीण आता आमच्याकडे बडोद्यालाच असते. मागच्या वर्षी तिने स्वतःहून तो नकाशा पाहायला मागितला. मी घाबरतच उघडला. तिने आपली इमारत शोधली नाही, त्या बाजूला पाहिलेही नाही. चष्मा सारखा करीत तिने विचारले, "दादा, बाबा राहायचे ती खोली कुठे असेल हो यात?" मी पार्ल्यावर बोट ठेवले. पश्चिमेच्या काळ्या रेघेला लागून चार-दोन तांबडे ठिपके, बाकी झाडी. ती बराच वेळ पाहत राहिली.

तिच्या संमतीने तो नकाशा मी आज शाळेच्या स्वाधीन करीत आहे. त्याची खालची कड नाही, साल नाही. ते कसे शोधावे हे मुलांना सांगायला मी येईन.